टिपणं सहा, वाक्य एक: सॅटच्या शेवटच्या प्रश्नांची तयारी

अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठी सॅट ही परीक्षा देतात. तिच्या रीडिंग अँड रायटिंग विभागात अगदी शेवटी एक प्रश्नप्रकार येतो. परीक्षेच्या भाषेत त्याचं नाव ऱ्हेटॉरिकल सिंथेसिस. आमच्याकडे सोलापुरात मुलं त्याला सरळ ‘टिपणांचा प्रश्न’ म्हणतात. एका विद्यार्थ्याने एखाद्या विषयाचा अभ्यास करताना काही टिपणं काढली आहेत, अशी सुरुवात असते. खाली बहुधा चार ते सहा बुलेट. मग एक ओळ येते, की या विद्यार्थ्याला अमुक गोष्ट साधायची आहे; टिपणांतली योग्य माहिती वापरून ती सर्वांत चांगली कोणत्या पर्यायात साधली आहे? आणि चार पर्याय.

लांब उतारा नाही, अवघड शब्द नाहीत, व्याकरणाची चूक शोधायची नाही. तरी सराव चाचणीत इथे मार्क जातात, आणि बोर्डाच्या भाषेच्या पेपरात छान लिहिणाऱ्या मुलांचेही जातात. त्याचं कारण आम्हाला शाळेच्या सवयीत दिसतं. आपल्याकडे ‘मुद्द्यांवरून कथा लिहा’ असा प्रश्न वर्षानुवर्षं सोडवून घेतला जातो. दिलेला एकही मुद्दा सुटता कामा नये, सगळे मुद्दे ओवले गेले पाहिजेत, हे मुलांच्या हाडीमाशी रुजलेलं असतं. टिपणांचा प्रश्न नेमका उलटा आहे. सहापैकी दोन मुद्दे कामाचे, चार बाजूला ठेवायचे. जो पर्याय जास्तीत जास्त टिपणं कोंबतो, तो मुलांना ‘पूर्ण’ वाटतो आणि हात त्याच्याकडेच जातो.

आधी परीक्षेचा आराखडा, कारण वेळेचा हिशेब त्यावरच बसतो. सोलापुरात जेईई, नीट, सीईटीचे क्लास गल्लोगल्ली आहेत. सॅट देणारी मुलं मोजकीच. त्यामुळे हाताला लागतं ते कुणा मावसभावाचं किंवा ताईचं जुनं पुस्तक. ते गणितासाठी ठेवा, या प्रश्नासाठी त्याचा उपयोग शून्य. भारतात सॅट मार्च २०२३ पासून संगणकावर आली, अमेरिकेत त्यानंतर एका वर्षाने, मार्च २०२४ मध्ये. टिपणांचा प्रश्न या बदलाबरोबरच आला. त्याआधीच्या कागदी पेपरात रायटिंगचे ४४ प्रश्न ३५ मिनिटांत, लांबलचक उताऱ्यांवर असत आणि त्यांत हा प्रकार नव्हता. पुस्तकाच्या आत ‘एका उताऱ्यावर अकरा प्रश्न’ अशी मांडणी दिसली, की ते जुनं समजावं.

आताच्या परीक्षेत रीडिंग अँड रायटिंगला ६४ मिनिटं आहेत. ३२ मिनिटांची दोन मोड्युल, प्रत्येकात २७ प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७१ सेकंद. पहिल्या मोड्युलमध्ये कामगिरी कशी झाली त्यावर दुसरं मोड्युल सोपं येणार की कठीण हे ठरतं. म्हणून पहिल्यातले मार्क घाईत गमावणं दुप्पट महाग पडतं. प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो: आधी शब्दार्थ आणि रचनेचे प्रश्न, मग आशयाचे, मग व्याकरणाचे, आणि शेवटच्या गटात जोडशब्दांचे आणि टिपणांचे. एकेका प्रकारात सोप्याकडून कठीणकडे चढण असते. पण टिपणांचे प्रश्न सगळ्यांत शेवटी असले म्हणून ते सगळ्यांत कठीण आहेत असं नाही. उलट नीट हातोटी बसली तर एकेक प्रश्न ४० ते ५० सेकंदांत सुटतो. गडबड अशी होते, की आधीच्या जुन्या इंग्रजी कवितेच्या किंवा विज्ञानाच्या उताऱ्यावर मुलं तीन-तीन मिनिटं घालवतात आणि इथे पोचतात तेव्हा घड्याळात जेमतेम दीड मिनिट उरलेलं असतं.

मोड्युलच्या आत पुढे-मागे कुठेही जाता येतं. म्हणून काही मुलांना आम्ही २७व्या प्रश्नापासून उलटं यायला सांगतो. टिपणांचे प्रश्न संपले, की मग पहिल्या प्रश्नावर जायचं. सगळ्यांना हे मानवत नाही. ज्यांना मधूनच उडी मारली की कोणता प्रश्न राहिला याचा गोंधळ होतो, त्यांनी सरळ क्रमाने जावं. हा निर्णय घरी सरावातच करायचा. परीक्षेच्या दिवशी नवा प्रयोग नको.

आता खरं काम. ब्लूबुक या परीक्षेच्या ॲपमध्ये पडदा दुभागलेला असतो. डावीकडे टिपणं, उजवीकडे प्रश्न आणि पर्याय. डोळा आपसूक डावीकडे जातो, आणि चूक तिथूनच सुरू होते. मूल पाच-सहा बुलेट मन लावून वाचतं, नावं-सालं डोक्यात भरतं, मग प्रश्नाकडे येतं. तोवर त्याला सगळीच माहिती महत्त्वाची वाटू लागलेली असते. आम्ही सरावात डाव्या अर्ध्या पडद्यावर चक्क वही आडवी धरायला लावतो. आधी उजवीकडची उद्दिष्टाची ओळ. ती वाचून आपल्याला काय हवंय ते मनात म्हणायचं, आणि मग वही काढायची. दिसायला पोरखेळ आहे, पण आठवड्याभरात डोळ्याला वळण लागतं आणि वहीची गरज उरत नाही.

उद्दिष्टाच्या ओळीत तीन गोष्टी हेरायच्या. क्रियापद कोणतं आहे: ठळक करायचं, ओळख करून द्यायची, तुलना करायची, समजावून सांगायचं, की सर्वसाधारण विधान करायचं. विषय कोणता: माणूस, त्याचं काम, की त्या कामाचा परिणाम. आणि वाचक कोण, हे दिलंय का. याशिवाय मध्ये ‘अँड’ दिसला तर थांबायचं, कारण मग मागण्या दोन असतात. ‘संशोधन आणि त्याचे निष्कर्ष मांडा’ असं म्हटलं, की फक्त निष्कर्ष सांगणारा पर्याय कितीही देखणा असला तरी बाद. अर्धी मागणी पुरी करणारा एक तरी पर्याय अशा प्रश्नात हमखास ठेवलेला असतो.

एक प्रश्न जवळून पाहू. मूळ प्रश्न अर्थातच इंग्रजीत असतो. इथे समजण्यासाठी मराठीत मांडतो. विषय मुद्दाम घरचा घेतला आहे.

टिपणं:
• द्वारकानाथ कोटणीस हे सोलापुरात जन्मलेले डॉक्टर होते.
• १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं वैद्यकीय पथक चीनला गेलं; कोटणीस त्यांपैकी एक होते.
• तेव्हा चीन आणि जपान यांच्यात युद्ध चालू होतं.
• पथकातले इतर चार डॉक्टर पुढे भारतात परतले.
• कोटणीस चीनमधल्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले.
• १९४२ मध्ये चीनमध्येच त्यांचं निधन झालं.

उद्दिष्ट: कोटणीस आणि पथकातले इतर डॉक्टर यांच्यातला फरक ठळक करणे.

अ) १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापुरात जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस होते.
ब) चीन-जपान युद्धाच्या काळात भारतातून गेलेले डॉक्टर कोटणीस पुढे बेथ्यून रुग्णालयाचे संचालक झाले आणि १९४२ मध्ये चीनमध्येच त्यांचं निधन झालं.
क) पाच डॉक्टरांचं पथक १९३८ मध्ये चीनला गेलं, तर कोटणीस तिथल्या बेथ्यून रुग्णालयाचे संचालक झाले.
ड) पथकातले इतर चार डॉक्टर भारतात परतले, कोटणीस मात्र अखेरपर्यंत चीनमध्येच राहिले.

“सर, चारीबी बरोबरच हायत की!” हा पहिला उद्गार ठरलेला. आणि तो खराच आहे. या प्रकारात चुकीची माहिती असलेला पर्याय क्वचितच असतो. पर्याय खरा आहे की खोटा, असं तपासत बसलात तर सगळेच पास होतात आणि वेळ मात्र गेलेला असतो. विचारायचं एवढंच, की यातून दिलेलं काम झालं का?

अ मध्ये फरक नाहीच, उलट सगळे एकत्र आहेत. ब सर्वांत भरलेला आहे, चार टिपणं त्यात आली आहेत, आणि सर्वाधिक मुलं तोच निवडतात. पण त्यात इतर डॉक्टर कुठेत? फरक दाखवायला दोन बाजू लागतात. इथे एकच आहे. क हा खरा डाव. त्यात ‘तर’ आहे, इंग्रजीत ‘व्हाइल’ किंवा ‘व्हेअरॲझ’ असेल, म्हणून तुलना झाल्यासारखी वाटते. पण एका बाजूला पथक कधी गेलं ते, दुसऱ्या बाजूला कोटणीस कोण झाले ते. मोजपट्टीच वेगळी. फरक दाखवायचा तर एकाच कसोटीवर दोघांना उभं करावं लागतं. ड मध्ये ती कसोटी आहे: परतले की राहिले. वाक्य छोटं आहे, सालही नाही, म्हणून मुलांना ते अपुरं वाटतं. सालाची मागणी कुणी केलीच नव्हती.

आता याच टिपणांवर उद्दिष्ट बदलू. ‘कोटणीस कोण हे ज्यांना माहीत नाही अशा वाचकांना त्यांची ओळख करून देणे.’ लगेच ब योग्य ठरतो, कारण त्यात तो माणूस डॉक्टर होता, कुठून कुठे गेला, तिथे काय केलं हे सगळं आलं. तिसरं उद्दिष्ट घ्या: ‘कोटणीसांची माहिती असलेल्या वाचकांना त्या वैद्यकीय पथकाविषयी सांगणे.’ आता कोटणीस कोण हे समजावणारी वाक्यं फुकट गेली. पथकात किती जण होते, कधी आणि कोणत्या परिस्थितीत गेले, हे हवं. टिपणं तीच, उत्तर तीनदा वेगळं. एका टिपणसंचावर तीन उद्दिष्टं सोडवणं हा आमच्या मते या प्रश्नाचा सर्वांत चांगला सराव आहे. वेगवेगळे दहा प्रश्न सोडवून जे डोक्यात शिरत नाही ते यातून शिरतं.

वाचक कोण या मुद्द्यावर जरा थांबायला हवं. इंग्रजीत ‘ॲन ऑडियन्स अनफॅमिलिअर विथ’ किंवा ‘ऑलरेडी फॅमिलिअर विथ’ असे शब्द येतात. ‘अनफॅमिलिअर’ असेल तर नाव आलं की त्याच्याशेजारी दोन-चार शब्दांची ओळख हवीच. ‘फॅमिलिअर’ असेल तर तीच ओळख नको असलेलं ओझं होते. सोलापूरच्या मुलांना कोटणीसांच्या संचात नेमका हाच भाग जड जातो, कारण भैय्या चौकातलं स्मारक त्यांनी पाहिलेलं असतं. कोटणीस माहीत नसलेला वाचक त्यांना कल्पनेतही दिसत नाही. विषय ओळखीचा निघाला की जास्त सावध व्हायचं, हे इथे पटतं. परीक्षेत विषय बहुधा अनोळखी असतात, कुणी अमेरिकी शिल्पकार, कुठला तरी शेवाळाचा प्रकार. तेव्हा उलटी अडचण असते: माहितीच नवी, म्हणून सगळीच मोलाची वाटते.

दुसरा मोठा गट संशोधनाच्या टिपणांचा. त्यात उद्देश, पद्धत आणि निष्कर्ष या तीन गोष्टी गुंतलेल्या असतात, आणि प्रश्न त्यांपैकी एकीबद्दल असतो. पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांचं गॅलापागोसमधलं काम यासाठी आम्ही वापरतो. टिपणं साधारण अशी करतो: डॅफ्ने मेजर हे छोटं बेट; बदलत्या परिस्थितीचा फिंच पक्ष्यांच्या शरीरावर काय परिणाम होतो हे त्यांना पाहायचं होतं; त्यांनी पक्षी पकडून, पायात कडी घालून चोचींची मापं घेतली; १९७७ मध्ये दुष्काळ पडला आणि लहान बिया संपत आल्या; मोठ्या, कठीण बिया फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी जास्त प्रमाणात जगले. ‘पद्धत सांगा’ म्हटलं तर कडी आणि मापं. ‘निष्कर्ष सांगा’ म्हटलं तर जाड चोचीचे जास्त जगले. ‘उद्देश सांगा’ म्हटलं तर काय पाहायचं होतं ते, आणि तिथेच थांबायचं.

इथे एक नेहमीची घसरण आहे. दुष्काळ पडला हा निष्कर्ष नाही, ती परिस्थिती आहे. पण टिपणात साल आणि ठोस घटना असल्यामुळे तो ‘सापडलेला शोध’ वाटतो. उपाय साधा: कागदी सरावात प्रत्येक बुलेटसमोर पेन्सिलने उ, प, नि किंवा ‘पार्श्वभूमी’साठी पा लिहायचं. ब्लूबुकमध्ये टिपणांवर रंग देण्याची सोय आहे, पण या प्रश्नाला आम्ही ती वापरू देत नाही. माउसने ओढून रंगवण्यात सेकंद जातात आणि बहुतेक मुलं शेवटी सगळंच रंगवतात. पर्यायावर काट मारायची सोय मात्र जरूर वापरावी. काट मारली, की तो पर्याय पुन्हा वाचायचा मोह होत नाही.

सर्वसाधारण विधान करायला सांगणारा प्रश्न कमी येतो, पण आला की मुलं गडबडतात. टिपणांत दोन-तीन उदाहरणं असतात आणि उत्तरात त्यांतलं एकही उदाहरण नसतं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, सोलापुरी टॉवेललाही आहे, अशी टिपणं असतील तर ‘सोलापूरच्या एकाहून जास्त वस्त्रोत्पादनांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे’ हे सर्वसाधारण विधान झालं. मुलांना त्यात चादरही नाही आणि टॉवेलही नाही म्हणून ते पोकळ वाटतं. पण हेच दोन मुद्दे घेऊन ‘साम्य ठळक करा’ म्हटलं असतं तर चादर आणि टॉवेल दोघांची नावं यायलाच हवीत. साम्याला दोन्ही बाजू नावानिशी लागतात, सर्वसाधारण विधानाला त्या वर उचलून एका शब्दात घ्याव्या लागतात.

पर्याय न पाहता स्वतः वाक्य लिहिणं हा आमच्या तयारीतला वेळखाऊ भाग, आणि पालकांना तो अनाठायी वाटतो. परीक्षेत तर लिहायचं नाही, नुसती खूण करायची, मग कशाला? कारण वाक्यं जोडताना जोर कुठे पडतो हे स्वतः जोडल्याशिवाय कळत नाही. मराठीच्या सवयीने मुलं ‘गेले, राहिले, काम केलं आणि वारले’ अशी साखळी करतात. इंग्रजीत त्याचं ‘अँड’, ‘अँड’, ‘अँड’ होतं आणि सगळ्या गोष्टी एकाच पातळीवर येऊन बसतात. म्हणून चार साचे हातात देतो. पहिला, नावाशेजारी दोन स्वल्पविरामांमध्ये ओळख: कोटणीस, सोलापुरात जन्मलेले डॉक्टर, चीनला गेले. दुसरा, ‘हू’ किंवा ‘विच’ने जोडलेलं उपवाक्य. तिसरा, ‘ऑल्दो’ किंवा ‘व्हाइल’ने विरोध. चौथा, ‘-इंग’ने सुरू होणारा तुकडा. सुरुवातीला एवढे पुरतात.

यांतला तिसरा साचा बारकाईने बघण्यासारखा आहे. ‘इतर चौघे परतले असले तरी कोटणीस चीनमध्येच राहिले’ आणि ‘कोटणीस चीनमध्येच राहिले असले तरी इतर चौघे परतले’. माहिती अक्षरशः तीच. पण ‘असले तरी’ला जे चिकटतं ते मागे ढकललं जातं आणि मुख्य वाक्यात जे येतं ते पुढे येतं. इंग्रजीतही तसंच. उद्दिष्ट कोटणीसांचं वेगळेपण ठळक करायचं असेल तर पहिलं वाक्य. कठीण मोड्युलमध्ये दोन पर्याय शेवटपर्यंत उरतात तेव्हा दोन्हींत हवी ती माहिती असते, आणि फरक बऱ्याचदा एवढाच असतो: ज्याबद्दल विचारलंय ते मुख्य वाक्यात आहे की कोपऱ्यातल्या उपवाक्यात.

स्वतः लिहिताना आणखी एक चूक पकडली जाते. मूल टिपणांत नसलेला कार्यकारणभाव घुसवतं. ‘युद्ध चालू होतं म्हणून कोटणीस परतले नाहीत.’ टिपणांत युद्ध आहे, न परतणंही आहे, पण ‘म्हणून’ कुठेच नाही. पर्यायांत ‘बिकॉज’, ‘ॲज अ रिझल्ट’, ‘देअरफोर’ दिसला, की तो दुवा टिपणांत दिलाय का हे बोट ठेवून दाखवायचं. दाखवता आलं नाही तर काट.

शब्दमर्यादा पंचवीस ठेवतो. इंग्रजी पंचवीस शब्दांत वाक्य बसलं नाही, तर बहुधा नको तो मुद्दा आत शिरलेला असतो. मुलाला एकेक तुकडा झाकून विचारायचं, हा काढला तर उद्दिष्ट अडतं का? अडत नसेल तर काढ. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि परीक्षा इंग्रजीत, अशी मुलं शहराच्या पूर्वभागातून आमच्याकडे येतात. त्यांना आधी घरच्या भाषेत वाक्य बोलून मग इंग्रजीत लिहायची मुभा देतो. उद्दिष्ट समजलंय की नाही हे तिथेच कळून येतं. समजलं असेल आणि इंग्रजी वाक्य अडत असेल, तर तो साच्यांचा प्रश्न आहे आणि तो लवकर सुटतो. समजलंच नसेल तर साचे घोकून काही होत नाही.

सरावाचं साहित्य फुकट आहे, विकत काही घ्यायची गरज नाही. ब्लूबुकमध्ये पूर्ण सराव चाचण्या आहेत. त्याशिवाय ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर प्रश्नपेढी आहे. तिथे एक्स्प्रेशन ऑफ आयडियाज या गटात ऱ्हेटॉरिकल सिंथेसिस निवडून कठीणपणाची पातळी ठरवता येते आणि प्रश्न पीडीएफमध्ये उतरवून घेता येतात. सोप्या पातळीवर फार रेंगाळू नये; तिथे चुकीचे पर्याय सरळसरळ विषय सोडून असतात आणि खोटा आत्मविश्वास येतो. मध्यम पातळीपासून सुरुवात करावी. ब्लूबुक मोबाइलवर चालत नाही, लॅपटॉप किंवा आयपॅड लागतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्याकडे निम्मी मुलं सगळा अभ्यास मोबाइलवरच करतात आणि पडद्याचा दुभागलेला आराखडा त्यांनी पाहिलेलाच नसतो.

चुकांची वही ठेवायची ती तीन रकान्यांची. उद्दिष्ट काय होतं, मी कोणता पर्याय घेतला, आणि त्या पर्यायाने उद्दिष्टाऐवजी कोणतं काम केलं. तिसरा रकाना महत्त्वाचा. तिथे ‘घाईत चुकलं’ असं लिहिलेलं आम्ही परत पाठवतो. ‘एकच बाजू सांगितली’, ‘पद्धत विचारली होती, निष्कर्ष सांगितला’, ‘माहीत असलेल्या वाचकाला ओळख करून दिली’ असं काहीतरी नेमकं हवं. पंधरा-वीस नोंदी झाल्या, की प्रत्येकाची आपली एक खोड उघडी पडते. कुणी सतत सर्वांत लांब पर्याय घेतं, कुणी ज्यात आकडे आहेत तो, कुणी ‘हाउएव्हर’ दिसला की भुलतं.

पुढची पायरी म्हणजे मुलांनीच प्रश्न तयार करायचे. चुकीचे तीन पर्याय लिहायला बसलं, की परीक्षक काय करतो ते कळतं. नियम एक: चारही पर्याय टिपणांपुरते खरे असले पाहिजेत. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोकावरचा संच दरवर्षी कुणीतरी करतंच. टिपणं अशी असतात: माळढोक हा गवताळ माळरानावर राहणारा मोठा पक्षी आहे; त्याच्यासाठी नान्नज इथे १९७९ मध्ये अभयारण्य झालं; मादी जमिनीवरच, एका वेळी बहुधा एकच अंडं घालते; २०११ पासून आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त वर्गात आहे. उद्दिष्ट ठेवायचं, ‘माळढोकाच्या प्रजननाचं वैशिष्ट्य सांगणे.’ उत्तर उघड आहे. गंमत चुकीच्या पर्यायांत येते. कुणीतरी हमखास विजेच्या तारांचा उल्लेख करतं. उडताना तारांवर आदळून माळढोक मरतात हे खरंच आहे, पण ते टिपणांत नाही, म्हणून तो पर्याय नियमातच बसत नाही. आणि कुणीतरी लिहितं, ‘एकच अंडं घालत असल्यामुळे माळढोक अतिसंकटग्रस्त झाला.’ दोन्ही तुकडे टिपणांतले, मधला ‘मुळे’ घरचा. हा पर्याय वर्गात फिरवला, की निम्मी मुलं त्याच्यावर खूण करतात.

निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा वेळ संपत आली असेल तरी प्रश्न रिकामा सोडायचा नाही. शेवटच्या दीड मिनिटात टिपणांचे दोन प्रश्न उरले असतील तर टिपणं वाचूच नयेत. फक्त उद्दिष्ट आणि चार पर्याय वाचावेत. पर्याय टिपणांपुरते जवळजवळ नेहमीच खरे असल्यामुळे बहुतेक वेळा तेवढ्यावर उत्तर निघतं, फक्त ‘बिकॉज’ आणि ‘देअरफोर’वाल्या पर्यायासाठी डावीकडे एक नजर टाकावी लागते.